घरातल्या आणि कार्यालयातल्या कचऱ्यासाठी पिशवी कशी निवडावी व कशी वापरावी

कचऱ्याच्या डब्यात पिशवी लावताना आपण साधारणपणे एवढाच विचार करतो की डबा खराब होऊ नये आणि दारापर्यंत नेताना पिशवी फाटू नये. हे दोन्ही हेतू रास्तच आहेत, पण पिशवीचा प्रवास आपल्या दाराशी संपत नाही. घंटागाडीवर किंवा सोसायटीच्या वर्गीकरणाच्या जागी कोणीतरी ती हाताने उघडते, रिकामी करते आणि आतल्या वस्तूंची वाटणी करते. त्यामुळे पिशवी घेण्याआधी तिच्यात कोणता कचरा जाणार आणि तो पुढे कोठे जाणार, हे ठरवणे आवश्यक आहे. आकार, जाडी, रंग आणि किंमत हे सगळे त्यानंतर येते. असा विचार केला तर घरातल्या बऱ्याचशा कचऱ्याला विकतची पिशवी लागतच नाही, असेही लक्षात येते.

ज्या कचऱ्याला पिशवी लागत नाही

केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी प्रत्येक घराने आणि आस्थापनेने कचरा ओला, सुका व घरगुती घातक असा तीन भागांत वेगळा करूनच द्यावा, असे बंधन घातले होते. यांपैकी ओल्या कचऱ्याला, म्हणजे भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, खरकटे यांना, घरात प्लास्टिकची पिशवी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. झाकण असलेली आठ-दहा लिटरची बादली त्यासाठी पुरते. ती थेट गाडीत किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात उलटता येते आणि तांब्याभर पाण्यात विसळून पुन्हा वापरता येते. हाच कचरा गाठ मारलेल्या पिशवीत रात्रभर कोंडला, की हवा न मिळाल्यामुळे तो आंबतो, त्याला काळे पाणी सुटते आणि पिशवी उघडणाऱ्याच्या नाकातोंडात ती वाफ जाते. खतासाठी किंवा बायोगॅससाठी तो वापरायचा, तर प्रत्येक पिशवी आधी फाडावी लागते. घाईत एखादी राहून गेली तर तिच्या चिंध्या यंत्राच्या पात्यांत अडकतात किंवा तयार खतात उतरतात. पिशवी रस्त्याकडेला पडली तर गायीगुरे आतल्या खरकट्याच्या वासाने ती पिशवीसकट गिळतात, कारण गाठ सोडवण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नसतो. आणि ती क्षेपणभूमीवर, म्हणजे शहराचा कचरा टाकण्याच्या मैदानावर, पोहोचलीच, तर हवेविना कुजणाऱ्या अशा ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघत राहतो. देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर मुंबईने सोसला आहे. असा वायू अशा आगींना पेटत ठेवतो.

बादलीला वास येतो आणि चिलटे होतात, ही तक्रार खरी आहे, परंतु तिचे मूळ पाण्यात आहे. भाजी धुतल्यावरचा कचरा सिंकमधल्या चाळणीत काही वेळ निथळू द्यावा, चहाचा चोथा गाळणीतच दाबून त्यातले पाणी काढावे, आमटी-भाजीचा उरलेला रस बादलीत ओतू नये. बादलीच्या तळाशी मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा वाळलेला पालापाचोळा टाकला तर उरलेली ओल तो शोषून घेतो. मासळीची खवले, कोळंबीची साले आणि मटणाची हाडे यांचा प्रश्न वेगळा आहे, विशेषतः पावसाळ्यात आणि किनारपट्टीवरच्या घरांत. हे सारे कागदात घट्ट गुंडाळून एका जुन्या डब्यात घालावे आणि गाडी येण्याच्या वेळेपर्यंत तो डबा फ्रीझरमध्ये ठेवावा. हा उपाय प्रथम ऐकताना अनेकांना रुचत नाही, पण गोठलेल्या वस्तूला वास सुटत नाही आणि माश्याही येत नाहीत.

बादलीला अस्तर हवेच असेल तर वर्तमानपत्राची पिशवी घरी करावी. तीन कागद एकावर एक पूर्ण उलगडून पसरावेत आणि रुंदीची जास्तीची पट्टी आत दुमडून त्यांचा चौकोन करावा. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि त्याची लांब बाजू आपल्याकडे ठेवावी. आता उजवा कोपरा उचलून समोरच्या तिरक्या कडेच्या मध्याजवळ आणावा, म्हणजे दुमडलेल्या भागाची वरची कड तळाच्या कडेला समांतर येते. डावा कोपरा त्याच रीतीने त्यावरून उजवीकडे न्यावा. वर जी दोन टोके उरतात, त्यांपैकी पुढचे पुढच्या खिशात खोचावे आणि मागचे मागे दुमडावे. तोंड उघडून तळ हाताने दाबला की लहान बादलीत बसेल अशी पिशवी तयार होते. निथळलेला कचरा ती एक दिवस व्यवस्थित धरते आणि कागदासकट खतात जाते. चकचकीत मासिकांचे कागद यासाठी घेऊ नयेत. ते पाणीही शोषत नाहीत आणि खतातही चांगले कुजत नाहीत.

सुक्या कचऱ्यालाही रोज नवी पिशवी लावण्याचे कारण नाही. दुधाच्या पिशव्या कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नये, तो पिशवीलाच लटकत ठेवावा. नंतर पिशवी धुऊन, वाळवून साठवावी. बाटल्या, खोके, वेष्टने आणि रद्दी यांच्यासाठी तांदळाचे किंवा गव्हाच्या पिठाचे विणलेले रिकामे पोते सर्वांत उत्तम. ते महिनोन् महिने टिकते, धुता येते, खिळ्यावर टांगता येते आणि कचरावेचक ते रिकामे करून लगेच परत देऊ शकतात. कोरड्या, स्वच्छ वस्तूंना वास नसतो, त्यामुळे पोते आठवडाभर भरत राहिले तरी अडचण होत नाही.

एवढे वजा केल्यावर विकतची पिशवी खरोखर लागते ती न्हाणीघरातल्या व शौचालयातल्या डब्याला, सॅनिटरी पॅड व डायपरला, केरसुणीने लोटलेल्या धुळीला आणि केसांना, पाळीव प्राण्यांच्या विष्ठेला, आणि अनेक माणसे वापरतात अशा सार्वजनिक किंवा कार्यालयीन डब्यांना. त्यातही दहा किलो पिठाची किंवा पावाची रिकामी पिशवी घरात असेल तर ती आधी वापरावी.

माप कसे घ्यावे

बाजारात पिशव्यांची मापे बहुधा इंचांत सांगतात. १७ × १९ इंच म्हणजे सुमारे ४३ × ४८ सेंटिमीटरची लहान, १९ × २१ इंच म्हणजे ४८ × ५३ सेंटिमीटरची मध्यम, २४ × ३२ इंच म्हणजे ६१ × ८१ सेंटिमीटरची मोठी, आणि ३० × ३७ इंच म्हणजे ७६ × ९४ सेंटिमीटरची त्याहून मोठी. पाकिटावरच्या ‘स्मॉल’, ‘मीडियम’ या शब्दांवर विसंबू नये, कारण एका उत्पादकाची मध्यम पिशवी दुसऱ्याच्या लहान पिशवीएवढी निघू शकते. छापलेले माप वाचावे, आणि त्याआधी आपल्या डब्याचे माप घ्यावे.

गोल डब्यासाठी हिशोब सोपा आहे. सपाट पसरलेल्या पिशवीची रुंदी डब्याच्या तोंडाच्या निम्म्या परिघापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणून तोंडाच्या व्यासाला १.५७ ने गुणावे आणि त्यात तीन-चार सेंटिमीटर मिळवावेत. लांबीसाठी डब्याची उंची, तळाच्या व्यासाचा निम्मा भाग आणि काठावरून बाहेर दुमडण्यासाठी व गाठीसाठी आठ ते दहा सेंटिमीटर, यांची बेरीज करावी. समजा, डब्याचे तोंड व तळ २५ सेंटिमीटर आणि उंची २८ सेंटिमीटर आहे. निम्मा परीघ सुमारे ३९ सेंटिमीटर येतो, म्हणजे रुंदी ४३ सेंटिमीटर पुरते. लांबी २८, साडेबारा आणि आठ मिळून साडेअठ्ठेचाळीस येते. म्हणजे १७ × १९ इंचांची पिशवी या डब्याला जेमतेम बसते, आणि डबा एक बोटभर उंच असेल तर पुढचे माप घ्यावे लागेल. चौकोनी डब्याची लांबी आणि रुंदी यांची बेरीज हाच त्याचा निम्मा परीघ असतो. बाकी रीत तीच.

माप जुळणे महत्त्वाचे आहे, कारण पिशव्या फाटण्याच्या बहुतेक तक्रारी जाडीपेक्षा मापाच्या असतात. आखूड पिशवी काठावर ताणून बसवली, की तिच्या तळाच्या शिवणीवर सतत ओढ राहते आणि पहिले जड ओझे पडताच ती उसवते. फार मोठी पिशवी घेतली तर ती डब्यात घड्या पाडून बसते आणि त्या घड्यांत कचरा अडकतो. शिवाय पिशवी अर्धीच भरलेली असताना ती काढावी लागते, म्हणजे प्लास्टिक वाया जाते.

जाडी, साहित्य आणि तळाची शिवण

कचऱ्याच्या पिशव्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या पॉलिथिनच्या असतात. हाताळताना कुरकुर असा आवाज करणारी, पातळ आणि ताठ पिशवी ही एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनची असते. ती वजन चांगले पेलते, पण एखाद्या काडीने तिला भोक पडले की ती चीर झरझर खाली जाते. मऊ, रबरासारखी थोडी ताणली जाणारी पिशवी एलडीपीई किंवा एलएलडीपीईची, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनची असते. ती टोचले तरी लवकर फाटत नाही, म्हणून खोक्यांचे कोपरे, काटक्या, डिस्पोजेबल चमचे अशा टोकदार कचऱ्याला ती बरी. न्हाणीघरातल्या कोरड्या, हलक्या कचऱ्याला पहिला प्रकार पुरतो. कार्यालयाच्या पॅन्ट्रीला आणि खानावळीला दुसराच घ्यावा.

जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पुष्कळ पाकिटांवर जाडी लिहिलेलीच नसते, पण स्वयंपाकघरातला वजनकाटा असला तर ती घरी काढता येते. गुंडाळीचे वजन करून त्यास पिशव्यांच्या संख्येने भागावे, म्हणजे एका पिशवीचे वजन ग्रॅममध्ये मिळते. त्या आकड्यास ५००० ने गुणावे आणि पिशवीची रुंदी व लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन, यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर जवळपास मायक्रॉनमध्ये येते. उदाहरणार्थ, १७ × १९ इंचांच्या ३० पिशव्यांची गुंडाळी आतल्या पुठ्ठ्याच्या नळीशिवाय १२० ग्रॅम भरली, तर एक पिशवी ४ ग्रॅमची. ४ गुणिले ५००० म्हणजे २०,०००, आणि ४३ गुणिले ४८ म्हणजे २०६४. भागाकार सुमारे १०. दहा मायक्रॉनची पिशवी कोरड्या, हलक्या कचऱ्यासाठी ठीक आहे, पण तिच्यात ओलसर किंवा जड काही घालून ती उचलणे धोक्याचे. जड ओल्या कचऱ्याला मोठ्या मापात ४० ते ५० मायक्रॉन जाडी असावी. घाऊक बाजारात पिशव्या पुष्कळदा किलोवर विकतात. तेथे ‘किलोत किती बसतात’ हे विचारून जास्त संख्येला भुलू नये, कारण एकाच मापाच्या पिशव्या किलोत जितक्या जास्त, तितकी प्रत्येक पिशवी पातळ.

खरेदीच्या वेळी तळाची शिवणही उलटून पाहावी. सरळ, सपाट शिवणीच्या पिशवीचे दोन कोपरे डब्याच्या तळाशी रिकामे राहतात आणि पाणी नेमके तेथेच साचून गळते. चांदणीच्या आकाराची शिवण असलेली पिशवी तळाशी घड्या घालून एकाच जागी सांधलेली असते. ती गोल डब्यात नीट बसते आणि कमी गळते. गळतीची शंका असेल तर एका पिशवीत दोन-तीन तांबे पाणी भरून ती मोरीत काही मिनिटे टांगून ठेवावी. पूर्ण गुंडाळी वापरात आणण्याआधी एक पिशवी अशी खर्ची घालणे परवडते. दोरीच्या तोंडाच्या पिशव्या सोयीच्या असतात, पण दोरी ओढून आवळलेले तोंड हवाबंद होत नाही, हे डायपरसाठी वापरताना ध्यानात ठेवावे. सुगंधी पिशव्या मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. त्या वास दाबतात, घालवत नाहीत, आणि डबा रिकामा करण्याची वेळ झाल्याची खूणच झाकून टाकतात.

‘बायोडिग्रेडेबल’ आणि ‘कंपोस्टेबल’

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हातांच्या आणि बिनहातांच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, मात्र घनकचरा हाताळण्यासाठी वापरायच्या कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजून जाणाऱ्या, पिशव्यांना तीतून वगळले. त्यामुळे दुकानात हिरव्या पानाचे चित्र असलेल्या पिशव्या वाढल्या, आणि त्यांतल्या सगळ्याच सारख्या नाहीत. नुसते ‘बायोडिग्रेडेबल’, ‘इको’, ‘ऑक्सो’ असे छापलेली पिशवी बहुधा साधे पॉलिथिनच असते. त्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे उन्हात व हवेत तिचे तुकडे होतात, पण ते तुकडे प्लास्टिकचेच राहतात आणि मातीत मिसळल्यावर वेचताही येत नाहीत. अशा पिशवीपेक्षा साधी पिशवी बरी, कारण ती निदान अखंड उचलता येते.

खऱ्या कंपोस्टेबल पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, आयएस किंवा आयएसओ १७०८८ या मानकाचा उल्लेख, उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. या चार गोष्टी पिशवीवरच छापलेल्या आहेत का, ते पाहावे. नुसत्या पाकिटावर भागवू नये. हे मानक औद्योगिक खतप्रकल्पासाठी आहे. त्यात सुमारे ५८ अंश सेल्सियस तापमानाला ठरावीक मुदतीत पिशवीचे विघटन व्हावे, अशी अट असते. घरच्या गच्चीवरच्या टोपलीत इतकी उष्णता टिकत नाही, त्यामुळे तेथे पिशवी महिनोन् महिने तशीच दिसली तर ती बनावट आहे असे लगेच समजू नये. घरच्या खतात ती घालायचीच असेल तर कात्रीने बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून घालावी. आणि ती कधीही दुधाच्या पिशव्यांबरोबर किंवा इतर सुक्या प्लास्टिकमध्ये देऊ नये. दिसायला सारखी असली तरी पुनर्वापराच्या प्लास्टिकात तिची भेसळ होते आणि मालाची प्रत उतरते.

या पिशव्यांची काही पथ्ये आहेत. ऊब आणि ओलावा लागला की त्या अशक्त होतात, म्हणून गुंडाळी सिंकखालच्या दमट कपाटात किंवा शेगडीजवळ ठेवू नये, आणि स्वस्त मिळते म्हणून दोन वर्षांचा साठा करू नये. ओला कचरा भरलेली पिशवी दोन दिवसांच्या आत काढावी, नाहीतर उचलताना तळ हातात न येता बादलीतच राहतो. गरम भाजी किंवा वाफाळता चोथा तिच्यात टाकू नये. ज्या वस्तीत ओला कचरा वेगळा नेऊन त्याचे खत होत नाही, तेथे या पिशवीसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. तेथे उघडी बादली आणि वर्तमानपत्र हेच योग्य.

लावणे, भरणे, बांधणे, काढणे

नवी पिशवी झटकून तिच्यात हवा भरावी आणि तळाचे कोपरे बाहेरूनच आत ढकलावेत. ती डब्यात सोडून बंद मुठीने तळापर्यंत दाबावी, म्हणजे पिशवी आणि डबा यांच्यामध्ये अडकलेली हवा वर निघते. ही हवा राहिली तर पिशवी फुग्यासारखी वर येते आणि कचरा तळाला पोहोचत नाही. काठ चार-पाच सेंटिमीटर बाहेर दुमडून त्यावर रुंद रबर किंवा जुन्या इलॅस्टिकचे कडे चढवावे. सुक्या कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्याला तळापासून थोडे वर, बाजूने दोन-तीन बारीक भोके पाडली तर हवेची अडचण कायमची सुटते. भरलेली पिशवी उपसताना खाली निर्वात पोकळी तयार होऊन ती डब्याला चिकटते आणि जोर लावला की फाटते. भोकांतून हवा आत शिरल्यामुळे ती सहज वर येते. ओल्या बादलीला अर्थातच भोके पाडू नयेत.

पिशवी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नये आणि कचरा हाताने किंवा पायाने दाबू नये. दाबताना आतल्या काडीने पिशवी तर फुटतेच, शिवाय ब्लेड किंवा काच असेल तर दाबणाऱ्याचा हात कापतो. काढताना मान पिळून एक साधी गाठ मारावी आणि पिशवी मानेला धरूनच, अंगापासून थोडी दूर ठेवून न्यावी. तळाखाली हात देऊ नये. सुक्या कचऱ्याच्या पिशवीला गाठ न मारता नुसती पिळी द्यावी, म्हणजे उघडणाऱ्याला ती फाडावी लागत नाही आणि पिशवीही पुन्हा वापरता येते.

टोचणाऱ्या आणि फुटलेल्या वस्तूंबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण येथे निष्काळजीपणाची किंमत दुसऱ्याचा हात मोजतो. फुटलेला पेला किंवा आरसा वर्तमानपत्राच्या अनेक थरांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावा, खोके चिकटपट्टीने बंद करावे आणि वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहावे. ते पिशवीत न टाकता कामगाराच्या हातात देताना तोंडानेही सांगावे. वापरलेली ब्लेडे एखाद्या पत्र्याच्या जुन्या डबीत साठवावीत. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाकाव्यात आणि बाटली भरल्यावर घरगुती घातक कचरा म्हणून द्यावी. पिशवी कितीही जाड असली तरी सुईला अडवत नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपर उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य आवरणात नीट गुंडाळून द्यावेत, अशी जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरणाऱ्यावर टाकली होती. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. अशा पुड्या वर्तमानपत्रात बांधून त्यांवर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम तेथे चालली. कारण साधे आहे. ठिपका दिसला की ती पुडी कोणी उघडत नाही. घरात हा कचरा वेगळ्या लहान पिशवीत ठेवावा, ती अपारदर्शक असावी आणि तिच्यावर तसाच लाल ठिपका असावा. डायपरमधली विष्ठा आधी शौचालयात टाकून मगच ते गुंडाळावे.

कामाच्या ठिकाणी

कार्यालयात पिशव्यांचा सर्वांत मोठा अपव्यय प्रत्येक मेजाखालच्या डब्यामुळे होतो. चाळीस मेजे, रोज एक पिशवी आणि महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला १०४० पिशव्या, आणि त्यांतल्या बहुतेकींत एखादा कागद व बिस्किटाचे वेष्टन. मेजाखालचे डबे काढून टाकावेत आणि प्रत्येक मजल्यावर पॅन्ट्रीजवळ व छपाईयंत्राजवळ डब्यांची जोडी ठेवावी: ओल्यासाठी हिरवा, सुक्यासाठी निळा. पहिल्या आठवड्यात कुरबूर होते, नंतर उठून कचरा टाकण्याची सवय लागते. सुक्या डब्याला पारदर्शक पिशवी लावावी. आत केळीची साल पडली असेल तर ती बाहेरूनच दिसते आणि हाउसकीपिंगच्या माणसाला प्रत्येक पिशवीत हात घालावा लागत नाही. सुक्या डब्यातला माल मोठ्या पोत्यात ओतून तीच पिशवी पुन्हा लावण्याची सूचना त्यांना लेखी द्यावी, कारण ‘रोज बदला’ असे ठेक्यात लिहिलेले असेल तर ते बिचारे रिकामी पिशवीही बदलतात.

पॅन्ट्रीत उरलेला चहा व पाणी ओतण्यासाठी चाळणी लावलेली वेगळी बादली ठेवावी. कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून ते ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. रिकामे करून एकात एक रचून सुक्यात द्यावेत. यंत्रात कापलेल्या कागदाच्या पट्ट्या कागदी गोणीत भराव्यात, कारण प्लास्टिकच्या पिशवीत त्या फुगून जागा खातात आणि पिशवी उघडताच सर्वत्र पसरतात. बॅटऱ्या, चार्जर, माऊस यांना कोणत्याही कचऱ्याच्या पिशवीत स्थान नाही; त्यांचा डबा वेगळा आणि तो अधिकृत ई-कचरा संकलकालाच द्यायचा. पारा असलेल्या जुन्या ट्यूबलाइट त्यांच्या मूळ पुठ्ठ्याच्या खोळीतच उभ्या ठेवाव्यात.

कँटीनमधल्या पिशव्या उचलणाऱ्याच्या पाठीचाही विचार करावा. खरकट्याने भरलेली ३० × ३७ इंचांची पिशवी एका माणसाने उचलण्यासारखी राहत नाही. तेथे लहान माप घेऊन पिशवी दहा किलोंच्या आत बदलणे, किंवा पिशवी न लावता चाकांचा डबा थेट गाडीपर्यंत नेणे, हेच योग्य. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा निघत असेल तर २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ते आस्थापन मोठे कचरा उत्पादक ठरत असे आणि ओल्या कचऱ्याची शक्य तेथे जागेवरच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्याच्यावर येत असे. अशा ठिकाणी पिशव्यांच्या खर्चाचा हिशोब खतयंत्राच्या किंवा बायोगॅसच्या हिशोबाबरोबर मांडावा.

कारखान्यात किंवा सुतारकामाच्या जागी जवसाचे तेल, पॉलिश किंवा रंग पुसलेल्या चिंध्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नयेत. अशी तेले वाळताना उष्णता सोडतात आणि ढिगात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात भिजवून ठेवाव्यात.

दवाखाने, दंतचिकित्सालये आणि पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा यांच्यासाठी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ स्वतंत्रपणे लागू आहेत. पिवळी पिशवी रक्ताळलेला कापूस, बँडेज अशा कचऱ्याची. लाल पिशवी दूषित नळ्या, सुया काढलेल्या सिरिंज अशा प्लास्टिकची. सुया व ब्लेडांसाठी पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा आणि काचेसाठी निळा. या पिशव्या क्लोरीनविरहित प्लास्टिकच्या, जैवधोक्याचे चिन्ह व बारकोड असलेल्या हव्यात आणि भरलेल्या पिशव्या ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नयेत. दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या साध्या कचऱ्याला चुकूनही लाल-पिवळी पिशवी लावू नये, आणि त्याच कारणाने इतर कार्यालयांनी किंवा सोसायट्यांनी केवळ रंग बरा वाटतो म्हणून त्या रंगांच्या पिशव्या खरेदी करू नयेत. रस्त्यावर लाल किंवा पिवळी पिशवी दिसली की सफाई कामगार ती दवाखान्याची समजून बाजूला ठेवतो, आणि साधा कचरा तेथेच पडून राहतो.